जुन्या मोटारीचे ब्रेक ‘असेच असतात’ हा समज सोडावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारींच्या मेळाव्यांची आणि मिरवणुकींची छायाचित्रे आपल्या दैनिकातून प्रसिद्ध होतात तेव्हा त्या गाड्यांचा रंग, क्रोम आणि गाद्यांचे कौतुक होते, आणि ते योग्यही आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेल्यापासून खासगी मालकांकडील जुन्या फियाट जतन करण्याची ओढ वाढलेली दिसते. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली ही फियाट-पद्मिनी आणि पश्चिम बंगालमधील उत्तरपाऱ्याची अ‍ॅम्बेसेडर या दोन्ही महाराष्ट्रातील हजारो घरांच्या आठवणींचा भाग आहेत. तथापि, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक हा व्यवसाय अनेक वर्षे शिकवलेला माणूस म्हणून मला एका गोष्टीची मनापासून काळजी वाटते. या गाड्यांचे ब्रेक कमकुवत असल्याची तक्रार जवळजवळ प्रत्येक मालक करतो, आणि ‘चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, ते असेच असतात’ हे उत्तर मिळाले की तक्रार तिथेच संपते. हे उत्तर चुकीचे आहे आणि त्यामुळे जिवावर बेतू शकते, म्हणून हे सविस्तर पत्र.

ड्रम ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणाऱ्या पोकळ ड्रमच्या आत अर्धगोल शू असतात, शूवर घर्षणाचा लायनर चढवलेला असतो, आणि पेडल दाबले की तेलाच्या दाबाने हे शू ड्रमला आतून घासतात. हे ब्रेक नीट जुळवलेले असतील, तर कोरड्या रस्त्यावर एका जोराच्या थांब्यापुरते ते गाडीला समाधानकारक थांबवतात. गुरुत्वीय प्रवेगाच्या निम्म्याइतका मंदनवेग (वेग कमी होण्याचा दर) अशा गाडीकडून अपेक्षित धरायला हरकत नाही. त्या हिशेबाने ताशी ६० किलोमीटर वेगातील गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे २८ मीटरमध्ये उभी राहते. हाच मंदनवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या तीन दशांशावर घसरला, तर अंतर ४७ मीटर होते. हा १९ मीटरचा फरक पद्मिनीच्या चार लांब्यांपेक्षा जास्त आहे आणि त्यात चालकाच्या प्रतिक्रियेच्या एका सेकंदात कापले जाणारे सुमारे १७ मीटर धरलेलेच नाहीत. मालकाला हा फरक रोजच्या शहरी वापरात जाणवत नाही, कारण ताशी ३० च्या वेगात दोन्ही गाड्या ‘थांबतात’. जाणवतो तो समोर अचानक रिक्षा वळते तेव्हा.

यात एक भाग सवयीचा आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आजच्या गाडीत पायाच्या जोरात भर घालणारा बूस्टर असल्यामुळे पायाच्या हलक्या दाबाने ब्रेक लागतो, आणि त्या सवयीचा माणूस बूस्टर नसलेल्या फियाटमध्ये बसला की त्याला ब्रेक कमी वाटतात. म्हणून पहिली गोष्ट मोजमापाची. मोकळ्या, सपाट, कोरड्या मैदानावर ताशी ३० चा वेग धरून खुणेपाशी ब्रेक पूर्ण दाबावा आणि थांबलेले अंतर टेपने मोजावे. साधारण सात-आठ मीटरमध्ये गाडी सरळ रेषेत उभी राहत असेल, तर दोष ब्रेकमध्ये नसून अपेक्षेत आहे. दहा-बारा मीटर लागत असतील किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर दोष आहे आणि तो शोधता येतो.

शोध पेडलपासून सुरू करावा, कारण पेडल पायाखाली कसे वागते त्यावरून निम्मे निदान होते. पेडल खूप खाली जाते, पण लागोपाठ दोन-तीनदा दाबले की वर येऊन घट्ट होते, अशा वेळी बहुधा शू आणि ड्रम यांतील अंतर वाढलेले असते. लायनर झिजत जातात आणि या गाड्यांचे शू आपोआप जवळ येत नाहीत, ते हाताने अ‍ॅडजस्ट करावे लागतात. पेडल दाबताना स्पंजासारखे मऊ लागते आणि पंप केल्यावरही तो मऊपणा पूर्ण जात नाही, तेव्हा ब्रेकच्या पाइपांत हवा असते किंवा जुने रबरी होज पाइप दाबाखाली फुगत असतात. पेडलवर एकसारखा दाब धरून मिनिटभर बसल्यास ते हळूहळू खाली सरकत असेल आणि कुठेही तेल सांडलेले दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने तेलात दाब तयार करणाऱ्या सिलिंडरच्या) आतील रबर कप तेल मागे सोडत आहे असे समजावे. चौथा प्रकार सर्वांत फसवा असतो. पेडल उंचावर, दगडासारखे घट्ट, आणि तरीही गाडी थांबत नाही. येथे दाब तयार होत असतो, पण चाकाशी त्याचे घर्षणात रूपांतर होत नाही. हवा काढून किंवा मास्टर सिलिंडर बदलून येथे काहीही साधत नाही, तरी बहुसंख्य गॅरेजमध्ये पहिला खर्च नेमका त्यावरच होतो.

घट्ट पेडल आणि कमकुवत ब्रेक या जोडीची कारणे ड्रम उघडल्यावर दिसतात. लायनरला तेल किंवा ग्रीस लागलेले असणे हे त्यांतील नेहमीचे कारण आहे. मागच्या चाकात अ‍ॅक्सलचे ऑइल सील गळते, पुढच्या चाकात बेअरिंगमध्ये कोंबलेले जादा ग्रीस वितळून आत येते, आणि व्हील सिलिंडर (चाकात शूंना ढकलणारा सिलिंडर) झिरपत असेल तर ब्रेक ऑइलच लायनरवर उतरते. असे भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपरने घासून किंवा ज्योतीवर धरून परत बसवण्याची प्रथा सर्रास आहे. ती बंद व्हायला हवी. लायनर सच्छिद्र असतो, आत शोषलेले तेल ड्रम तापला की पुन्हा पृष्ठभागावर येते. गळती थांबवून त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे लायनर एकदम बदलावेत, एकाच बाजूचे कधीही बदलू नयेत.

दुसरे कारण जाम झालेला व्हील सिलिंडर. वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या गाडीला याचा धोका रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा जास्त असतो, कारण ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते आणि ते पाणी सिलिंडरच्या भिंतीला गंज आणते. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत हे फार लवकर घडते. चाक जॅकवर उचलून, गाडी स्टँडवर पक्की टेकवून, साथीदाराला पेडल हलके दाबायला सांगावे आणि चाक हाताने फिरवून पाहावे. चारही चाके सारख्याच दाबाला धरली पाहिजेत आणि पेडल सोडताच मोकळी झाली पाहिजेत. एखादे चाक धरतच नसेल, तर त्याचा सिलिंडर जाम आहे. एखादे चाक धरते पण सुटत नसेल, तर त्या चाकाच्या होज पाइपकडे पाहावे. बाहेरून धडधाकट दिसणारा पंचवीस वर्षांचा होज आतून सुजून बंद झालेला असतो. पायाच्या जोराने तेल पुढे जाते, पण परतीच्या क्षीण दाबाने ते मागे येऊ शकत नाही. चारही चाके एकदम, आणि गाडी तापत जाईल तशी जास्तच आवळत असतील, तर पेडल आणि मास्टर सिलिंडर यांना जोडणाऱ्या पुशरॉडला थोडीशी मोकळी चाल ठेवलेली नाही, त्यामुळे मास्टर सिलिंडरमधील परतीचे बारीक छिद्र झाकलेलेच राहते, हे कारण प्रथम तपासावे.

तिसऱ्या कारणाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि माझ्या मते आज दुरुस्त केलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांचे ब्रेक याच कारणाने कमी पडतात. ड्रमला चर पडले म्हणून तो लेथवर कापून घेतला जातो. त्याचा आतील व्यास वाढतो. त्यात मूळ मापाचे नवे लायनर बसवले की शूची गोलाई ड्रमच्या गोलाईशी जुळत नाही, लायनर फक्त मध्यभागी टेकतो आणि दोन्ही टोके अधांतरी राहतात. नवा ड्रम, नवे लायनर, नवे सिलिंडर, तरीही ब्रेक नाही, असे म्हणणाऱ्या मालकांना मी खडूची परीक्षा सुचवतो. ड्रमच्या आतील बाजूला खडू फासावा, ड्रम बसवून शू हलकेच टेकेपर्यंत अ‍ॅडजस्ट करावेत, चाक एकदा फिरवावे आणि उघडून पाहावे. खडू लायनरच्या निम्म्याहून कमी भागाला लागला असेल, तर दोष सापडला. पूर्वी लायनर बसवणारे कारागीर शूवर लायनर रिव्हेट केल्यानंतर तो ड्रमच्या मापाने घासून गोल करून देत. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजारात चौकशी करताना ‘लायनर आहे का’ एवढेच न विचारता ‘ड्रमला मॅच करून द्याल का’ हेही विचारावे. ड्रम किती कापायचा यालाही मर्यादा आहे. पातळ झालेला ड्रम तापल्यावर लवकर पसरतो आणि दाबाखाली लंबगोल होतो, म्हणून उत्पादकाने दिलेल्या कमाल व्यासापलीकडे गेलेला ड्रम कितीही दुर्मीळ असला तरी भंगारात द्यावा.

लायनर घासताना किंवा ड्रम साफ करताना एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ड्रममध्ये साचलेली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणे म्हणजे ती गॅरेजमधील प्रत्येकाच्या फुप्फुसात घालणे होय. ती धूळ ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे आणि नाकावर योग्य मास्क लावावा. गॅरेजमध्ये काम करणारी मुले हे स्वतःहून करत नाहीत. मालकाने आणि उस्तादाने त्यांच्याकडून ते करून घेतलेच पाहिजे.

मॉरिस मायनरसारख्या अनेक ब्रिटिश गाड्यांच्या पुढच्या चाकांत आणखी एक बारकावा आहे. तेथे प्रत्येक चाकाला दोन सिलिंडर असतात आणि दोन्ही शू अशा रीतीने बसवलेले असतात की पुढे जाणाऱ्या चाकाचे फिरणेच त्यांना ड्रमवर अधिक आवळते. दुरुस्तीच्या वेळी डाव्या-उजव्या बाजूच्या बॅकप्लेटची (शू आणि सिलिंडर ज्यावर बसतात त्या पत्र्याची) अदलाबदल झाली, तर हे सारे उलटे होते. गाडी मागे घेताना ब्रेक उत्तम लागतो आणि पुढे जाताना लागत नाही. हे लक्षण दिसले तर सुटे भाग विकत घेण्याआधी जोडणी तपासावी.

या सर्व तपासण्या न करता थेट बूस्टर बसवण्याची किंवा पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक (चाकासोबत फिरणाऱ्या तबकडीला पॅडनी आवळणारे) लावण्याची घाई मला धोक्याची वाटते. बूस्टर पाइपांतील दाब वाढवतो, भिजलेल्या किंवा अर्धवट टेकणाऱ्या लायनरचे घर्षण तो वाढवू शकत नाही. एका बाजूचा सिलिंडर जाम असलेल्या गाडीला बूस्टर लावला, तर ती जोराच्या ब्रेकला अधिक तीव्रतेने एका बाजूला वळेल, आणि पन्नास वर्षांचे लोखंडी पाइप त्या वाढीव दाबाने कुठे फुटतील हे सांगता येणार नाही. शिवाय बूस्टर इंजिनच्या निर्वातावर चालतो, त्यामुळे उतारावर इंजिन बंद पडले तर दोन-तीन दाबांनंतर त्याची मदत संपते. डिस्कचेही तसेच आहे. त्यासाठी पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल नव्याने जुळवावा लागतो, आणि ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये पाइपांत थोडा दाब टिकवून ठेवणारा जो व्हॉल्व्ह असतो तो तसाच राहिला, तर डिस्कचे पॅड कायम घासत राहतात. दुसऱ्या एखाद्या गाडीचा मास्टर सिलिंडर ‘बसतो’ म्हणून बसवण्याचा प्रकारही नित्याचा आहे. मूळ व्यास १९ मिलिमीटर असताना २२ मिलिमीटरचा सिलिंडर लावला, तर पेडलची चाल कमी होते, ते घट्ट लागते आणि मालक खूश होतो. प्रत्यक्षात पायाच्या तेवढ्याच जोराला तयार होणारा दाब सुमारे एक चतुर्थांशाने घटलेला असतो. पेडल घट्ट झाले म्हणजे ब्रेक सुधारले, ही समजूत येथे नेमकी उलट ठरते. मूळ व्यवस्था पूर्ण दुरुस्त केल्यावरही पायाला जोर कमी पडतो, अशा वयस्कर मालकाने जाणकाराकडून योग्य मापाचा बूस्टर बसवून घेण्यास माझा विरोध नाही. मात्र ती शेवटची पायरी असावी.

ज्या सुधारणेने मूळ रूप बिघडत नाही आणि सुरक्षितता खरोखर वाढते, अशी एक सुधारणा मी प्रत्येकाला सुचवेन. साठच्या दशकातील बहुतेक गाड्यांत चारही चाकांना तेल पुरवणारे एकच सर्किट असते, त्यामुळे एक होज फुटला की पायाचा ब्रेक संपूर्ण जातो आणि हातात केवळ हँडब्रेक उरतो. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी वेगळे सर्किट असलेला योग्य व्यासाचा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवता येत असेल, तर अवश्य बसवावा. ते शक्य नसल्यास सर्व होज आणि गंजलेले पाइप नवे करावेत, रबर किट नव्याने तयार झालेली घ्यावीत (खोक्यात तीस वर्षे बंद राहिलेले ‘ओरिजिनल’ रबरही तितकेच जुने झालेले असते) आणि हँडब्रेक नेहमी चालू स्थितीत ठेवावा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. डॉट ३ दर्जाच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की तो १४० अंशांपर्यंत येऊ शकतो. या तेलात खनिज तेलाचा थेंबही जाता कामा नये, कारण त्याने सगळी रबरे फुगतात. हवा काढताना जुन्या मास्टर सिलिंडरचे पेडल जमिनीपर्यंत दाबू नये. एरवी न वापरल्या जाणाऱ्या गंजलेल्या भागावर कप घासला जाऊन फाटतो आणि धड असलेला ब्रेक त्याच दिवशी निकामी होतो.

घाटाचा विषय वेगळा मांडायला हवा, कारण तेथे निर्दोष ड्रमही हरतो. चार माणसांसह १,२०० किलो भरणारी गाडी ३०० मीटर उंचीवरून केवळ ब्रेकच्या जोरावर खाली आणली, तर ब्रेकना जी उष्णता शोषावी लागते ती ताशी ६० च्या वेगातून लागोपाठ एकवीस वेळा थांबण्याइतकी असते. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंतचा उतार याहून मोठा आहे. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, लायनरची पकड उतरते, आणि तेल जुने असेल तर सिलिंडरमध्ये त्याची वाफ होऊन पेडल रिकामे जाते. म्हणून ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ब्रेक सतत टेकवून न ठेवता वेळोवेळी जोराने लावून पूर्ण सोडावा, आणि पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरण्याची जुनी खोड कायमची सोडावी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रममध्ये पाणी शिरलेले असते, तेव्हा पुढचे काही अंतर हळू चालवत ब्रेक हलका धरून ते वाळवून घ्यावेत.

आता शासनाकडे आणि मेळावे भरवणाऱ्यांकडे वळतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते, आणि त्या नेहमीच्या वापरासाठी न काढता प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येतात. परंतु पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचे, त्यामुळे बहुतेक पद्मिनी आणि असंख्य अ‍ॅम्बेसेडर या व्याख्येत न बसता दर पाच वर्षांच्या नूतनीकरणावर इतर वाहनांसोबत चालतात. त्या नूतनीकरणाच्या वेळी प्रादेशिक परिवहन कार्यालयांनी प्रत्येक चाकाचा ब्रेक रोलर यंत्रावर स्वतंत्रपणे मोजावा आणि त्याचे आकडे मालकाला लेखी द्यावेत. मालकाला दंड व्हावा म्हणून मी हे सुचवत नाही. डाव्या आणि उजव्या चाकातील फरक आकड्यांत दिसला की मेकॅनिकला नेमके कोणते चाक उघडायचे हे कळते, आणि मालकाचा निरर्थक खर्च वाचतो.

रॅली आयोजकांसाठी तर यंत्राचीही गरज नाही. गाड्या ज्या मैदानात जमतात तेथेच चुन्याच्या दोन रेषा आखाव्यात, निशाण दाखवण्याआधी प्रत्येक गाडी ताशी ३० च्या वेगाने आणून पहिल्या रेषेवर ब्रेक लावायला सांगावा, आणि गाडीच्या वयानुसार आयोजकांनी आधी जाहीर केलेल्या अंतरात ती सरळ थांबते का ते पाहावे. १९२० आणि १९३० च्या दशकांतील, तारेने ओढल्या जाणाऱ्या ब्रेकच्या गाड्यांना अर्थातच वेगळे अंतर द्यावे लागेल. जी गाडी थांबणार नाही तिला प्रदर्शनात सन्मानाने जागा द्यावी, पण बाल-बच्चे, दुचाकीस्वार आणि बघ्यांच्या गर्दीतून जाणाऱ्या मिरवणुकीत ती त्या दिवशी सोडू नये.

आपला विश्वासू,
मोटार मेकॅनिक व्यवसायाचा एक निवृत्त निदेशक, पुणे